असेलही

सोनगीरच्या अलीकडे हायवेला लागून एक हॉटेल आहे. त्याच्या गच्चीवर एक छोटे पांढरे विमान ठेवले आहे. लोक जेवण झाले की वर जातात आणि त्याच्या पंखाला टेकून फोटो काढतात. वारा सुटला की विमानाच्या नाकावरचा मोठा लाकडी पंखा हळूहळू फिरतो. आत इंजिनाला गार ठेवणारा एक छोटा पंखा लागतो, तो मात्र त्यात नाही. तो का नाही असे ज्याला विचाराल तो सांगेल, जहांगीर मिस्त्रीचे ओतकाम कच्चे निघाले. जहांगीर स्वतःही तेच सांगतो. ते खरे नाही. खरे काय ते मला माहीत आहे, आणि ते सांगायची वेळ आली तेव्हा मी काय केले ते इथे लिहितो आहे. बोलण्यापेक्षा लिहिणे मला जरा बरे जमते.

मी धुळ्यातल्या एका तंत्रनिकेतनात एकतीस वर्षे ग्रंथपाल होतो. इंजिनिअर नाही. पुस्तकांवरची धूळ झटकता झटकता त्यातली बरीचशी वाचली, एवढेच. एखादा विद्यार्थी काही विचारायला आला की मी त्याला नेमके पुस्तक काढून देत असे. "सर, म्हणजे हे असंच ना?" असे त्याने विचारले की मी म्हणत असे, "असेलही." खात्री असली तरी तेच. पुस्तक लिहिणाऱ्याला माझ्यापेक्षा जास्त कळते, विद्यार्थ्यालाही कदाचित कळत असेल, मध्ये मी कोण? मुले मागून मला 'असेलही सर' म्हणत. मला ते ठाऊक होते. माझे खरे नाव गिरधर जीवराम वारके.

ललित त्याच मुलांतला. यावलकडचा, केळी पिकवणाऱ्या घरातला. दोन वर्षांपूर्वी तो एका दुपारी घरी आला तेव्हा मी त्याला ओळखले नाही. चाळिशी गाठलेला, डोक्यावरचे केस विरळ झालेले. म्हणाला, "सर, मी विमान बांधलंय."

मी म्हणालो, "असं होय. बस ना."

"तुम्हाला खोटं वाटतंय."

"नाही रे. असेलही."

तो इतका हसला की बायको स्वयंपाकघरातून डोकावली.

विमान खरेच होते. केळी पॅक करण्याच्या शेडमध्ये त्याने सात वर्षे खपून ते उभे केले होते. एकाच माणसाचे. इंजिन मात्र परदेशातून जुने आणवलेले. ते पाण्याने नव्हे, वाऱ्याने गार होणारे होते. एका पट्ट्यावर फिरणारा वीतभर पंखा सिलिंडरांवर वारा मारत राहतो. तो थांबला तर पाच मिनिटांत इंजिन भाजून निघते. मूळ पंखा प्लॅस्टिकचा होता. जुना होऊन तो कडक झाला आणि एके दिवशी जमिनीवर इंजिन चालवून पाहताना त्याच्या चिंधड्या झाल्या. एक तुकडा शेडचा पत्रा फोडून बाहेर गेला. ती कंपनी केव्हाच बंद पडली होती, तो पंखा आता कुठे मिळत नव्हता.

"रूपाली तिथंच उभी होती," ललित म्हणाला. रूपाली म्हणजे त्याची बायको. "तुकडा तिच्या कानाजवळून गेला. मी तिला शब्द दिलाय. धातूचा पंखा करायचा, पन्नास तास मोटरवर चालवून बघायचा. तडा न जाता चालला तरच इंजिनाला लावायचा. नाहीतर विमान काढून टाकायचं. तीन पंख्यांत जमलं तर जमलं, चौथा नाही."

"मग माझ्याकडे कशाला आलास?"

"पंख्यांचं ते जाड पुस्तक तुम्हीच मला दिलं होतं. मी वाचलं नव्हतं. तुम्ही वाचलेलं असणार."

मी वाचलेले होते.

मी त्याला जहांगीरकडे नेले. आमच्या घरामागच्या गल्लीत त्याची ॲल्युमिनियम ओतायची भट्टी होती. धरणगाव, शिंदखेड्याच्या जिनिंगमध्ये कापूस ओढून नेणारे मोठे पंखे असतात. त्यांची पाती तो चाळीस वर्षे ओतत आला होता. त्याचे वडील धुळ्यात भांड्यांच्या दुकानापुढे बसून भांड्यांवर नावे टाकायचे. छिन्नी आणि लहानशी हातोडी घेऊन, टिंबाला टिंब लावून. जहांगीर लहानपणी तेच शिकला होता. गिऱ्हाइकांशी तो अहिराणी बोले, घरात हिंदी, आणि माझ्याशी जपून, शाळेतल्यासारखे मराठी, त्यात 'आहे'चे 'शे' तेवढे राहून जाई. मला नाना म्हणे.

पण तो आदल्या वर्षापासून खचलेला होता. त्याची दोन पाती जिनिंगवाल्याने तडे गेले म्हणून परत पाठवली होती. चाळीस वर्षांत असे झाले नव्हते. त्याचा मुलगा शाहबाज तेव्हापासून मागे लागला होता की भट्टी बंद करा, ती जागा मोबाइलच्या दुकानाला चांगली आहे. जहांगीरला कळत नव्हते की माल वाईट होता की हात गेला.

ललितचे सगळे त्याने ऐकून घेतले. मग म्हणाला, "करू. पन्नास तास चालला तर हात बाकी शे असं समजीन. नाही चालला तर शाहबाजला चावी देऊन मोकळा होईन. ठीक शे?"

जहांगीरची बायको, कनीजभाभी, चहाचे कप घेऊन दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "पंखे का फैसला है या निकाह का?"

आकृती मी काढली. माझ्याकडून ती बरोबर निघेल असे मला एकदाही वाटले नाही. प्रत्येक आकडा मी चार वेळा तपासला. तेरा पाती, फिरण्याच्या उलट दिशेला कललेली. पाते जिथे मधल्या चकतीला मिळते तिथे कोपरा नको, बोट फिरवले तर अडू नये अशी गोलाई हवी, कारण मिनिटाला सहा हजार फेरे घेताना सगळा ताण त्या मुळाशी येतो. ते पुस्तकातले पान मी जहांगीरसाठी मराठीत उतरवून दिले. त्यातले एक वाक्य असे होते: पात्याच्या मुळाजवळ ओरखडा, खाच, ठोकल्याची खूण, काहीही नसावे, तडा तिथूनच सुरू होतो. जहांगीरने तो कागद भट्टीसमोरच्या भिंतीला खिळ्याने लावला.

पहिला पंखा जुने पिस्टन वितळवून ओतला. तो माल साच्यात पाण्यासारखा उतरतो, पण ठिसूळ. चौथ्या तासाला पाते उडाले. दुसऱ्यात आत फुगे राहिले; तो मोटरवर चढवायच्या आधीच बाद केला. प्रत्येक वेळी जहांगीर आपला उजवा हात डाव्या हातात धरून बघत बसे.

तिसऱ्या वेळी ललितने जळगावहून ॲल्युमिनियमची नवी, नीट मालाची लादी आणली. जहांगीरने साच्याची रेती तीनदा चाळली. ओतल्यावर पंखा भट्टीत लाल होणार नाही एवढा तापवून गरम पाण्यात बुडवला. पुस्तकात पुढे लिहिले होते की त्यानंतर तो मंद आचेवर सहा तास ठेवावा. मंद आच आणायची कुठून? कनीजभाभींच्या भावाची बेकरी होती. दुपारी पाव निघून गेल्यावर त्याची भट्टी नुसती धुमसत असते. तिथे पत्र्याच्या ताटात पंखा ठेवला. संध्याकाळी काढला तेव्हा त्याला नानकटाईचा वास येत होता. ललितने तो नाकाला लावला. "सर, हा उडाला नाही तर खाऊन टाकू."

नंतर तीन दिवस जहांगीर पॉलिश पेपरने प्रत्येक पात्याचे मूळ घासत होता. तेरा पाती, दोन्ही बाजूंनी. चौथ्या दिवशी त्याने पंखा उन्हात धरला. मी तेवढी देखणी वस्तू हातात घेतली नव्हती. ललित म्हणाला, "जहांगीरभाई, पंखा केला का लग्नातली परात?"

जहांगीर हसला. त्या वर्षात मी त्याला पहिल्यांदा हसताना पाहिले. त्याने खिशातून चष्मा काढला, फळीवरून वडिलांची छिन्नी काढली आणि भांड्याच्या दुकानात विचारतात तसे विचारले, "नाव काय टाकू?"

"नाव कशाला?" मी म्हणालो.

"अब्बा म्हणायचे, बिननावाचं भांडं लग्नघरातून परत येत नाही."

"सरांचं टाका," ललित म्हणाला. "डोकं त्यांचंच आहे."

"नको, नको."

उत्तर बरोबर होते. पण ते मी संकोचाने दिले होते, पात्याच्या मुळाचा विचार करून नाही. म्हणून त्यात जोर नव्हता.

"नाना," जहांगीर म्हणाला, "तीस वर्षं दुसऱ्यांच्या पुस्तकांवर शिक्के मारले तुम्ही. एकदा स्वतःचं नाव होऊ द्या."

मला फार बरे वाटले. लिहायला लाज वाटते, पण वाटले. मी म्हणालो, "टाका. पण लहान."

मधल्या चकतीवर दोन पात्यांच्या मध्ये बोटभर सपाट जागा होती. जहांगीर मांडी घालून बसला. टिक्, टिक्, टिक्. गि. जी. वारके. जागा कमी पडली. शेवटचा 'के' पात्याला जाऊन टेकला आणि त्याची मात्रा वर चढून त्या घासलेल्या गोलाईवर गेली. मी शेजारी बसून बघत होतो. समोर भिंतीवर माझ्याच अक्षरातला कागद होता. ओरखडा, खाच, ठोकल्याची खूण. मी तो कागदही पाहिला आणि मात्राही पाहिली. मला ती खूण वाटलीच नाही. ते माझे नाव होते.

जहांगीरच्याही ध्यानात आले नाही. भांड्यावर नाव टाकणे म्हणजे काही ठोकणे नव्हे, असेच त्यालाही वाटले असावे. पंखा उचलून त्याने फुंकर मारली आणि माझ्या हातात दिला. "बठ्ठं बरोबर शे ना, सगळं?"

मी अंगठा नावावरून फिरवला. शेवटी तो किंचित अडला.

पंखा मोटरवर चढवला. पाते उडालेच तर अडावे म्हणून भोवती जाड लोखंडी पाइपाचा तुकडा कड्यासारखा उभा केला. रोज पाच तास चालवायचे ठरले, आणि दर दहा तासांनी उतरवून तडा बघायचा. त्याची जुनी पद्धत आहे. पंखा रॉकेलमध्ये बुडवायचा, कोरडा पुसायचा आणि वरून खडूची भुकटी लावायची. कुठे केसाएवढी भेग असली तर तिच्यात मुरलेले रॉकेल बाहेर झिरपते आणि पांढऱ्यावर काळी रेघ उमटते. जहांगीरचा चष्मा जुना, म्हणून बघायचे काम माझ्याकडे होते.

दहा तासांनी पंखा पांढराशुभ्र होता. फक्त एका ठिकाणी रॉकेल बाहेर आले होते. नावाच्या टिंबांमध्ये ते साठले होते, त्यामुळे खडूतून माझे नाव हळूहळू काळे होऊन वर आले. गि. जी. वारके. कनीजभाभी वाकून बघत म्हणाल्या, "नाना का नाम तो छप गया." सगळे हसले. वीस तासांनी तसेच. तीस तासांनी तसेच. खरे सांगायचे तर मी त्या तपासणीची वाट बघू लागलो होतो. नाव पांढऱ्यातून वर येताना बघायला मला आवडत होते.

जहांगीर बदलला होता. मोटर चालू असताना तो पाइपावर तळवा ठेवून उभा राही, दाईने पोटावर ठेवावा तसा. "आवाज ऐका नाना. एकसारखा शे." शाहबाज एकदा दुकानाचे माप घ्यायला टेप घेऊन आला, तर त्याला म्हणाला, "दहा दिवस थांब, मग मोबाइलवर भट्टीचाच फोटो काढ."

चाळिसाव्या तासाला मी खडू लावला आणि थांबलो. नाव उमटले. 'के'ची मात्रा जरा लांब दिसली. गोलाईवरून पुढे, पात्याच्या अंगाला गेलेली. नखाएवढी. मला वाटले, भुकटी ओघळली असेल. मी बोटाने पुसले.

"नाना, नीट बघा," जहांगीर म्हणाला. "काही शे का?"

त्याचा चेहरा माझ्या चेहऱ्यापासून वीतभर होता. आयुष्यात ज्या एका वेळी मी 'असेलही' म्हणायला हवे होते ती ही वेळ. मी म्हणालो, "काही नाही. अगदी स्वच्छ."

त्रेचाळिसाव्या तासाला, सकाळी अकराच्या सुमारास, पाते उडाले. पाइपामुळे कोणाला लागले नाही. आवाज मात्र एवढा झाला की गल्लीतली सगळी माणसे धावली. मोटर बंद केल्यावर पाइपाच्या आत राखाडी चुरा आणि वाकलेली पाती होती. पहिले तुटलेले पाते अख्खे होते. जहांगीरने ते उचलले, उन्हात नेले, चष्मा कपाळावर सारून डोळ्यांजवळ धरले. तुटलेल्या कडेवर त्याला एक भोक सापडले. खसखशीच्या दाण्याएवढे.

"हे बघा," तो म्हणाला. "ओततानाच राहिलं. हात गेला."

मी ते पाते मागून घेतले. घरी नेतो म्हणालो. का, ते कोणी विचारले नाही.

ललितला मी फोन केला. तो दुसऱ्या दिवशी आला, पण रागावला नाही. रागावला असता तर मी तिथेच सांगितले असते, असे मला वाटते. तो म्हणाला, "सर, बास आता. रूपालीला शब्द दिलाय." महिन्याभरात हॉटेलवाल्याचा ट्रक येऊन विमान घेऊन गेला.

घरी मी भिंग घेऊन बसलो. धातू असा थकून तुटला की तुटल्या जागेवर बारीक कमानी दिसतात, पाण्यात खडा पडल्यावर उठतात तशा. तडा रोज थोडा थोडा पुढे सरकतो त्याच्या त्या खुणा. त्या कमानींचा मध्य जिथे येतो तिथे तडा जन्मतो. हे पुस्तकात चित्रासह आहे. सगळ्या कमानी एका टिंबाभोवती होत्या. मात्रेचे दुसरे टिंब. जहांगीरचे भोक अगदी दुसऱ्या टोकाला होते, जिथला धातू शेवटी एकदम तुटला होता तिथे. त्या भोकाने काहीही बिघडवले नव्हते. ओतकाम उत्तम होते. मी आठ दिवस रोज बघितले, उजेड बदलून, भिंग बदलून. शंका घ्यायला जागा नव्हती, आणि शंका घेण्यात माझा हात कोणी धरू शकत नाही.

तरी गल्ली ओलांडायला मला आणखी दोन आठवडे लागले. काय बोलायचे ते वहीत चार वेळा लिहिले. गेलो तेव्हा शाहबाज पहारीने भट्टीच्या विटा काढत होता. जहांगीर बाजूला उलट्या डब्यावर बसून निघालेल्या विटा रचत होता. लाकडी नमुना, साच्याच्या चौकटी, मोडका पंखा, सगळे भंगारवाला घेऊन गेला होता. भिंतीवर कागद लावलेला खिळा राहिला होता.

"या नाना. बसायला काही नाही."

मी उभ्यानेच म्हणालो, "जहांगीरभाई, तुमच्या हाताची चूक नव्हती."

"मग कोणाची?"

"माझी."

तो हसला. शाहबाजही पहार टेकवून हसला. "घ्या," जहांगीर म्हणाला. "त्या दिवशी लाइट गेली तेव्हाही तुम्हीच म्हणाला होता, मी आलो आणि गेली. भाभीच्या हातून कप फुटला तर म्हणे, मी मध्ये उभा होतो. आता पंखाही तुम्हीच तोडला का?"

मी पाते पुढे केले. कमानी दाखवल्या, टिंब दाखवले, मात्रेबद्दल सांगितले, चाळिसाव्या तासाला खडूवर काय दिसले आणि मी काय म्हणालो तेही सांगितले. घाईघाईने, खालच्या आवाजात, वहीत लिहिलेला क्रम विसरून. त्याने चष्मा लावून पाहिले. त्याला कमानी दिसल्या नसाव्यात. त्याचा अंगठा दोन टिंबांवरून गेला.

"एवढ्याशा टिंबाने?" तो म्हणाला. "अब्बांनी हजारो भांड्यांवर नावं टाकली नाना. एक तरी फुटलं का?"

"भांडं फिरत नाही, जहांगीरभाई."

हे बरोबर बोललो होतो. त्याने माझ्याकडे पाहिले, आणि मला वाटले, आता त्याला पटते आहे. शाहबाजची पहारही थांबली होती. मग जहांगीरने पाते फिरवून दुसरे टोक माझ्यापुढे धरले.

"तुमचं मन मोठं शे. पण हे भोक तर मीच सोडलं ना? खरं सांगा, तुम्ही वाचलेले माणूस. ह्याच्यामुळे तुटलं असेल की नाही?"

नाही. एवढेच म्हणायचे होते. मला माहीत होते, कधी नव्हे इतके पक्के माहीत होते. आणि तो वाट बघत होता, मी हो म्हणावे म्हणून नव्हे, नाही म्हणावे म्हणून. पण त्याच्या चाळीस वर्षांसमोर माझी पुस्तके उभी राहिली, आणि पुस्तकांसमोर मी. मला वाटले, हा ओतारी आहे, मी धूळ झटकणारा. तोंड उघडले तेव्हा आतून तेच बाहेर आले जे नेहमी येते.

"असेलही," मी म्हणालो.

जहांगीरने मान हलवली. जणू एवढेच ऐकायचे राहिले होते. "शाहबाज," तो म्हणाला, "काढ रे बाबा. थांबू नको."

पहार पुन्हा विटांवर पडू लागली. मी आणखी काही बोललो, पण त्या आवाजात ते कोणाला ऐकू गेले नाही, आणि मी मोठ्याने बोललो नाही. निघताना त्याने पाते माझ्या हातात ठेवले. "घेऊन जा. तुमचं नाव शे त्याच्यावर. नाव असलं की वस्तू घरी येते."

आता तिथे मोबाइलचे दुकान आहे. जहांगीर बाहेर खुर्ची टाकून बसतो. मी गल्लीतून जाताना तो हात वर करतो, मीही करतो. पाते माझ्या टेबलावर आहे, कागद उडू नयेत म्हणून. नाव त्याच्यावर नाही. नुसती मात्रा आहे. तिच्याखालचे अक्षर भंगारात गेले.